पोराबाळांसकट पहिलीच्या वर्गात

‘पाणी’ म्हणताना तोंडासमोरचा कागद हलता कामा नये. इंग्रजी ज्याची मातृभाषा, त्याच्या ओठांतून शब्दारंभीचा ‘प’ हवेचा झोत घेऊनच बाहेर पडतो आणि आपल्या कानांना ते ‘फाणी’ वाटतं. म्हणून टिश्यू पेपरची अरुंद पट्टी ओठांसमोर धरायची. ‘पळ’ म्हटलं की पट्टी जागच्या जागी राहिली पाहिजे, ‘फळ’ म्हटलं की उडाली पाहिजे. ते जमलं की ‘दार’ आणि ‘धार’, ‘वात’ आणि ‘वाट’, ‘काल’ आणि ‘काळ’. माझ्यासमोर बसलेला तिशीतला माणूस नेब्रास्कातल्या एका छोट्या गावी हायस्कुलात विज्ञान शिकवत होता. त्याची बायको नर्स. दोघंही पट्टी धरून बसले होते आणि टेबलाखाली त्यांची सहा वर्षांची मुलगी कागदाबिगदाची भानगड न करता ‘फळ, पळ, फळ, पळ’ करत होती. तिचं बरोबर येत होतं.

हे कुटुंब बायबलचं भाषांतर करणारे मिशनरी म्हणून पापुआ न्यू गिनीला जाणार होतं. मराठीशी त्यांचा पुढे कधी संबंध येणार नव्हता. पण अशा लोकांना आधी भाषा शिकण्याची रीत शिकावी लागते आणि त्या सरावासाठी त्यांनी कधीच न ऐकलेली भाषा बोलणारं माणूस लागतं. आमच्या डॅलस परिसरात मराठी माणसांना तोटा नाही. एका ओळखीच्या बाईंनी माझं नाव सुचवलं आणि मी हो म्हटलं.

डॅलसच्या नैर्ऋत्येला कॅम्प विज्डम रोडवर या विद्येचं मोठं केंद्र आहे. त्याचं मूळ १९३४ सालच्या उन्हाळ्यात सापडतं. विल्यम कॅमेरॉन टाउनसेंड हा ग्वातेमालातल्या काक्चिकेल लोकांत राहून त्यांच्या भाषेत नवा करार आणलेला माणूस. आर्कान्सातल्या सल्फर स्प्रिंग्ज इथे त्याने भाषाशास्त्राचा उन्हाळी वर्ग काढला, तेव्हा विद्यार्थी आले दोन. पुढच्या वर्षी केनेथ पाइक आला आणि तो पुढे मिशिगन विद्यापीठातला नामांकित भाषाशास्त्रज्ञ झाला. पाइकचं एक प्रात्यक्षिक फार गाजलं. अनोळखी भाषा बोलणारा माणूस समोर उभा करायचा, इंग्रजी वर्ज्य, हातात काडी, दगड, पान. समोरच्याला इंग्रजीचा आधारच मिळू नये म्हणून पाइक स्वतः मेक्सिकोतल्या मिक्सटेक भाषेत बोलायचा. थोड्याच वेळात फळ्यावर त्या भाषेचे ध्वनी आणि वाक्याचा सांगाडा उभा राहायचा.

माझ्या टेबलावरही असंच सामान असे. वाटी, डबा, ताट, चमचा, केळं, दगड. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी बोलायचंच नाही, नुसतं ऐकायचं. मी म्हणायचं, “ही वाटी. हा डबा. हे ताट. वाटी कुठे आहे?” त्यांनी बोट दाखवायचं. मग “चमचा वाटीत ठेवा”, “वाटीवर ठेवा”, “वाटीखाली ठेवा”. वही बंद. शब्द लिहून घेतला की माणूस आपल्याच लिपीत तो वाचू लागतो आणि कानावर पडलेला खरा उच्चार हरवतो, म्हणून ही सक्ती. ग्रेग थॉमसन यांनी आखलेली जी पद्धत या वर्तुळात बरीच वापरली जाते, तिच्यात पहिले १०० तास अशा डोळ्यांसमोरच्या वस्तूंचे आणि हालचालींचे असतात. पुढे चित्रांवरून गोष्टी, मग लोकांच्या आयुष्यातल्या हकिकती, असे एकंदर १५०० तास धरलेले आहेत.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन पदव्या घेतलेला माणूस जेव्हा “दगड ताटाखाली ठेवा” ऐकून गोंधळतो, केळं उचलतो, परत ठेवतो आणि कपाळावरचा घाम पुसतो, तेव्हा या कामाचं वजन कळतं. त्या दिवशी मुलांना सांभाळणारी मुलगी आली नव्हती, म्हणून दोन्ही पोरं बरोबर होती. बापाचा हात केळ्याकडे गेल्याबरोबर लेक टेबलाखालून ओरडली, “दगड!” आणि स्वतःच दगड नेऊन ताटाखाली सारला. तो हसला, पण कान लाल झाले होते. वर्गात तो इतरांच्या चुका काढणारा, इथे पोटच्या पोरीने त्याची चूक काढली. शिकवणाऱ्या बाईंनी नंतर मला सांगितलं की भाषेपेक्षा हेच शिकवायला त्यांना जास्त वेळ लागतो. अनोळखी गावात पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यांत अडाणी माणूस आपणच असणार, हे अंगवळणी पडलं नाही तर माणूस घरात कोंडून घेतो किंवा इंग्रजी येणाऱ्या चार जणांतच वावरतो.

मला त्यांनी नावाने हाक मारायला सुरुवात केली होती. मी ती सवय मोडून काढली. मोठी दोघं मला ‘ताई’ म्हणू लागली, मुलगी ‘मावशी’. मराठीतला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरक त्यांना फार आवडला, कारण पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन भाषेतही समोरच्याला धरून ‘युमी’ आणि त्याला वगळून ‘मिपेला’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत एकाच शब्दावर भागतं, त्यामुळे तो फरक त्यांच्या कानांना इथेच भेटला हे बरं झालं.

एकदा त्यांनी जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आधीच्या कुटुंबाने मागे ठेवलेला सोफा. नेब्रास्कातलं घर विकून, भाड्याच्या ट्रेलरमध्ये उरलंसुरलं घालून ती आली होती. निघण्यापूर्वी सामानाचे तीन ढीग केलेले. विकायचं, आजी-आजोबांच्या तळघरात ठेवायचं, बरोबर न्यायचं. मुलीला निळ्या झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा दिला होता. यात मावेल तेवढं तुझं. सायकल त्यात मावेना. आजोबांनी पाना घेऊन सायकलची घंटी सोडवली आणि तिच्या हातात दिली. तिने मला डबा उघडून दाखवला. घंटी एका मोज्यात गुंडाळून ठेवली होती.

पैशाची बाजू आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. ‘परदेशी पैसा’ एवढंच ऐकून असतो. अशा बऱ्याच संस्था पगार देत नाहीत. कुटुंबाने स्वतःच देणगीदार गोळा करायचे असतात. कुणी आत्या, कुणी कॉलेजचा मित्र, कुणी चर्चमधलं वृद्ध जोडपं, प्रत्येक जण दरमहा काही रक्कम द्यायचं कबूल करतो. ठरलेला महिन्याचा आकडा पुरा भरल्याशिवाय संस्था निघायची परवानगी देत नाही. म्हणून रविवारमागून रविवार वेगवेगळ्या चर्चमध्ये जायचं, फोटो दाखवायचे, माहिती सांगायची, आणि चौघांचा फोटो छापलेलं कार्ड लोकांच्या फ्रिजवर लावायला द्यायचं. रात्रपाळी करून स्वतःच्या कमाईवर शिकलेल्या त्या नर्सला हे मागणं फार जड गेलं. “रक्ताने माखलेली ड्रेसिंग बदलणं मला सोपं वाटतं,” ती म्हणाली.

शिवाय लसी, मलेरियाच्या गोळ्या, मानसशास्त्रज्ञाच्या मुलाखती, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण, मृत्युपत्र. आपल्याला दोघांनाही काही झालं तर मुलं कुणाकडे जातील, ते नाव एका छापील रकान्यात भरायचं असतं.

या साऱ्या काटेकोरपणामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो सुखाचा नाही. विल्यम कॅरी १७९३ मध्ये इंग्लंडहून बंगालला निघाला, तेव्हा त्याची बायको डोरोथी आधी नाहीच म्हणाली होती. तान्हं मूल कडेवर होतं. जहाजाचं निघणं लांबलं, पुन्हा मनधरणी झाली, आणि बहीण बरोबर येणार असेल तर येते, असं म्हणत ती निघाली. दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. डोरोथीचं मन त्यानंतर सावरलं नाही आणि १८०७ मध्ये तशाच अवस्थेत ती वारली. अमेरिकेतून १८१२ मध्ये जी पहिली मिशनरी जोडपी निघाली, त्यांतली हॅरिएट न्यूएल एकोणिसाव्या वर्षी मॉरिशसला दगावली. तिचं बाळ त्याआधीच जहाजावर गेलं होतं. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. कॅरीचं नाव इतिहासात मोठं आहे. पण डोरोथीला कुणी तयारीला वेळ दिला नाही, तिला कुणी भाषा शिकवली नाही, हे मला त्याच्या कामाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आज नवरा-बायको दोघांनाही सारखंच प्रशिक्षण घ्यावं लागतं. एक वर्गात, तर दुसरं मुलांपाशी, मग उलट. ही सुधारणा उशिरा आली, पण आली.

मुलांकडेही आता लक्ष दिलं जातं. रूथ युसीम या समाजशास्त्रज्ञ बाई १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करत होत्या. आई-वडिलांचा देश एक, वाढले त्या देशातले लोक दुसरे, आणि आपण दोन्हींतले पुरते नाही, अशा मुलांची वेगळी जात त्यांनी पहिल्यांदा ओळखली. पुढे डेव्हिड पोलॉक यांनी निरोप घेण्याची एक शिस्तच घालून दिली. भांडणं मिटवा, उपकार बोलून दाखवा, माणसांचाच नव्हे तर जागांचा आणि प्राण्यांचाही निरोप घ्या, आणि मग पुढच्या मुक्कामाचा विचार करा. या मुलीने शाळेच्या बसचालकाचा, कुत्र्याचा आणि अंगणातल्या एका झाडाचा रीतसर निरोप घेतला होता. मोठ्यांना हे नाटक वाटेल. मला वाटलं नाही. चौथीत असताना बाबांच्या बदलीमुळे एका रात्रीत सोडलेली शाळा मी अजून विसरलेले नाही.

धर्माचा प्रश्न मी विचारलाच. माणसाने आपला धर्म दुसऱ्याला पटवायला समुद्र ओलांडावा, हे मला पटत नाही आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, “ताई, आम्ही धर्मासाठी जात नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.” मग त्याने मला तिथली परिस्थिती सांगितली. पापुआ न्यू गिनीत ८०० हून अधिक भाषा आहेत. जनगणनेत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात, पण तिथल्या कितीतरी भाषांना लिपी नाही, पाठ्यपुस्तक नाही. जगातल्या सुमारे ७००० भाषांपैकी संपूर्ण बायबल सातशेहून थोड्या अधिक भाषांत आहे. भाषांतर करायचं तर आधी त्या भाषेची मुळाक्षरं ठरवावी लागतात, आणि शब्द निवडतात ती गावातलीच माणसं. माझं मत त्याने बदललं नाही. पण त्याने काही झाकलं नाही, याची मी नोंद घेतली.

मी मूळची नगरची. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आली आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत तिथेच १८६२ मध्ये वारली. तिची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची कल्पना सुचली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फरारबाईंना मराठी बोलायला कुणी शिकवलं, त्यांच्या चुकीच्या लिंगवचनांवर कोण न हसता थांबलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा. त्यामागे वैजनाथ पंडितांची विद्या होती, आणि त्यांचं नाव अभ्यासकांपलीकडे कुणाच्या तोंडी नाही. ‘वाटी कुठे आहे’ म्हणत टेबलाच्या या बाजूला बसल्यावर मला हे फार जाणवलं. शिकवायला येणारा परका माणूस आधी कुणाचा तरी विद्यार्थी असतो. तो किती चांगला विद्यार्थी होता, यावरच मी त्याच्या पुढच्या कामाची किंमत करीन.

ते निघाले तेव्हा मी मुलीला मराठी अंकलिपी दिली. तिच्या निळ्या डब्यात ती मावली. तिथे आता पुन्हा पहिल्यापासून, टोक पिसिन. मग एखाद्या खेड्यात राहून तिथली भाषा, मग मुळाक्षरं, आणि मग कुठे गावकऱ्यांबरोबर पहिलं पान. अशा भाषेत नवा करार पुरा व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. तेव्हा ही मुलगी पंचविशीची असेल.