साखर उतरली, ताकदीचे काय?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘साखर बॉर्डरवर आहे’ हे वाक्य नाशिकच्या घराघरांत रक्तदाबाइतकेच ओळखीचे झाले. याचे एक कारण मोजपट्टीतच आहे. 2003 साली अमेरिकन डायबेटीस असोसिएशनने उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहपूर्व मर्यादा 110 वरून 100 मिलिग्रॅमवर आणली. 2010 मध्ये तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए1सी) 5.7 ते 6.4 टक्के हा पट्टाही त्यात धरला गेला. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या साखरेसाठी 110 वरच राहिली. म्हणजे काल निरोगी असलेली कितीतरी माणसे एका रात्रीत बॉर्डरवर आली. पण सगळेच खापर मोजपट्टीवर फोडता येत नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे 2011 मधले निष्कर्ष सांगतात, की महाराष्ट्रात 8.4 टक्के प्रौढांना मधुमेह होता आणि 12.8 टक्के उंबरठ्यावर होते. 2023 मध्ये याच पाहणीने देशातल्या मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांचा अंदाज 13 कोटी 60 लाख दिला. या सगळ्या काळात पस्तिशीतल्या मुलाला आणि पंचाहत्तरीतल्या आजीला सल्ला मात्र एकच मिळत राहिला: वजन उतरवा, कमी खा, चाला. म्हातारपणी हा सल्ला अपुरा पडतो आणि मुळात काटकुळ्या माणसाला तो अपायही करू शकतो, असे आज उपलब्ध पुराव्यावरून स्पष्ट म्हणता येते.

हा सल्ला आला कुठून? 2002 मध्ये अमेरिकेतल्या ‘डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन सात टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम, एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या गोळीने 31 टक्क्यांनी. साठीपुढच्यांत तर जीवनशैलीतील बदलाने 71 टक्के फरक पडला आणि गोळीने जेमतेम 11. हा पुरावा भक्कम आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्या अभ्यासातल्या माणसांचा सरासरी बीएमआय 34 होता, म्हणजे पाच फूट पाच इंच उंचीला सुमारे 93 किलो. आपल्याकडची वृद्ध माणसे अशी आहेत का? मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या भारतीयांपैकी चौथा हिस्सा तर उंचीच्या मानाने कमी वजनाचा निघाला. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने 531 जणांवर केलेला आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्याला जास्त जवळचा. त्यात आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजन फारसे न घटता. हा निष्कर्ष दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यांपर्यंत पोहोचायला हवा होता. तिथे वजनाचा काटाच राहिला.

वजन न घटता साखर कशी सुधारते, याचे उत्तर स्नायूंत आहे. जेवणानंतर इन्सुलिनच्या जोरावर रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा मोठा वाटा हाडांना जोडलेले स्नायू घेतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याची दुसरी बाजू दाखवली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. भारतीय माणूस दिसायला किरकोळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. साठीनंतर हे स्नायू आणखी झिजू लागतात. अशा वेळी केवळ जेवण तोडून वजन उतरवले तर उतरलेल्या किलोंत स्नायूही जातात आणि हाडेही विरळ होतात. अमेरिकेत स्थूल वृद्धांवर झालेल्या 2011 च्या प्रयोगात नुसत्या आहारनियंत्रणाच्या गटाने सुमारे पाच टक्के चरबीविरहित वजन गमावले; व्यायाम जोडलेल्या गटाने तीन टक्के. भेटणारे म्हणतात, ‘छान बारीक झालात.’ जिने चढताना कठड्याला धरावे लागते, ते त्यांना दिसत नाही.

महाराष्ट्रात 2018 च्या सुमारास आहाराची मोठी लाट आली. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून प्रेरणा घेतलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितले, की दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांत संपवा, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर यांचा दर दोन तासांनी थोडे खाण्याचा सल्ला त्याच्या समोर उभा राहिला आणि घराघरांत वाद रंगले. सुटलेल्या पोटाच्या चाळिशीतल्या माणसाला दोन जेवणांची शिस्त लाभदायक ठरू शकते, हे मान्यच आहे. वृद्धांबाबत मात्र तो वाद चुकीच्या प्रश्नाभोवती फिरला. किती वेळा खावे यापेक्षा ताटात प्रथिने किती, हे महत्त्वाचे. वयस्कर स्नायूला जाग यायला एका जेवणात 25-30 ग्रॅम प्रथिने लागतात, असे अभ्यास सांगतात. त्या हिशोबाने कमी वेळा पण भरघोस जेवण वाईट नाही. प्रत्यक्षात होते असे, की दात गेलेले, भूक मंदावलेली, आणि संध्याकाळचे जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली पोळी किंवा मऊ भातावर पातळ वरण. साखरेच्या भीतीने भात गेला, तर त्याच्या जागी पेठ-सुरगाण्याची नागली येते. नागलीत कॅल्शियम भरपूर, तंतू चांगले, पण शंभर ग्रॅम पिठात प्रथिने सातच ग्रॅम. मटकीची उसळ, हुलग्याचे पिठले, फुटाणे, शेंगदाणे, दही, पनीर, चालत असतील तर अंडी, ही भर पडली नाही तर नुसती भाकरी बदलून काही साधत नाही. तज्ज्ञ वृद्धांसाठी किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने सुचवतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज 60 ते 72 ग्रॅम.

यावर पहिला आक्षेप मूत्रपिंडाचा. ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत, हे खरेच. पण निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला या प्रमाणाची धास्ती घालणे चूक आहे. दुसरा आक्षेप असा, की साखरेकडे दुर्लक्ष झाले तर? 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी ‘एरिक’ अभ्यासात सरासरी 76 वर्षांच्या, तीन महिन्यांची साखर बॉर्डरवर असलेल्या लोकांपैकी पुढच्या काही वर्षांत 9 टक्के मधुमेहात गेले, 13 टक्के पुन्हा सामान्य झाले आणि 19 टक्के मरण पावले. तपासण्या सोडाव्यात असा याचा अर्थ नाही. पंचाहत्तरीत अशा अहवालाने घाबरून ताट रिकामे करू नये, इतका तो नक्की आहे. तिसरा आक्षेप वयाचा. 1990 मध्ये मारिया फियातारोन यांनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे वजने उचलायला लावली. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आणि गोल्फ क्लब मैदानावर ज्येष्ठ मंडळी नेमाने फेऱ्या मारतात, ते हृदयासाठी उत्तम आहे. पण नुसत्या चालण्याने मांड्या आणि खांदे टिकत नाहीत. जोर-बैठकांची तालीम ज्या शहराला नवी नाही, तिथे खुर्चीला धरून बैठका, भिंतीला रेटून जोर आणि रबरी पट्टा ओढणे आठवड्यातून दोन-तीनदा शिकवायला काय हरकत आहे? सांधे किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी तपासून घ्यावे, इतकेच.

आता प्रश्न आणखी निकडीचा झाला आहे. 2025 मध्ये मौन्जारो आणि वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतात आली. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत, शरीराची घडण तपासलेल्या गटात घटलेल्या वजनाचा साधारण 39 टक्के भाग चरबीविरहित होता. साधे मेटफॉर्मिनही यातून सुटत नाही: 2019 मध्ये पासष्टीपुढच्या, वजने उचलणाऱ्या लोकांवरच्या चाचणीत ते घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले, आणि दीर्घकाळ घेतल्यास बी-12 घटते हे शाकाहारी घरांत विशेष जपायचे. औषधे नकोत असे यातून निघत नाही. ती देताना काय मोजायचे, ते ठरते. आशियाई तज्ज्ञांनी 2019 मध्ये घालून दिलेली चाचणी कोणत्याही गल्लीतल्या दवाखान्यात होण्यासारखी आहे: हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे-बसायचे, आणि 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची तब्येत तपासायची. सत्तरीतल्या माणसाच्या केसपेपरवर साखर आणि वजन दर खेपेला लिहिले जाते. हे सेकंदही त्याच ओळीत लिहिले जावेत.