पेशंट एक, औषध एक!

फिलाडेल्फियातल्या मुलांच्या एका हॉस्पिटलनं २०२५ मध्ये जगात एकाच बाळाला लागू पडेल असं औषध बनवलं. तेही सहा महिन्यांत. हे जमलं कसं? आणि आपल्या पवई-खारघरचा त्या हॉस्पिटलशी काय संबंध?

'डेडलाइन सहा महिने' म्हटलं की आपल्या ऑफिसात काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. पहिले दोन महिने मीटिंगा, पुढचे दोन महिने मेलामेली आणि मग कुणीतरी हळूच 'फेज टू'चा विषय काढतो. ऑगस्ट २०२४ मध्ये फिलाडेल्फियातल्या दोन डॉक्टरांनी जे काम हाती घेतलं, त्यालाही सहाच महिने लागले. फरक इतकाच, की त्यांचा 'क्लायंट' नुकताच जन्मला होता आणि त्याच्यासाठी फेज टू वगैरे काही नव्हती.

त्याचं नाव केजे. जन्मल्यावर दोन दिवसांच्या आतच तो मलूल झाला, श्वास लागायला लागला. रक्त तपासलं तर अमोनिया हजाराच्या वर. तो असायला हवा तेहतीसच्या आत!

थोडं सायन्स, कंटाळू नका. आपण डाळ, अंडी, पनीर खातो. त्यातलं प्रोटीन शरीरात वापरलं गेलं की मागे अमोनिया उरतो. हा अमोनिया विषारी. लिव्हर त्याचं युरियात रूपांतर करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. या साखळीतलं पहिलंच एन्झाइम, सीपीएस१, केजेच्या लिव्हरमध्ये तयार होत नव्हतं. म्हणजे ज्या दुधावर बाळ वाढायचं, तेच दूध त्याच्या मेंदूवर उठणार. दर तेरा लाख बाळांमागे एखाद्यालाच हा आजार होतो आणि त्यातली निम्मी बाळं तान्हेपणीच जातात. उपाय एकच, लिव्हर ट्रान्सप्लांट. पण त्यासाठी बाळ थोडं मोठं व्हायला हवं. तोवर मोजून-मापून प्रोटीन आणि अमोनिया खाली ठेवणारं औषध. मध्येच साधी सर्दी झाली तरी अमोनिया उसळी मारू शकतो. अशी प्रत्येक उसळी मेंदूचं थोडं थोडं नुकसान करून जाते. ट्रान्सप्लांटची वाट पाहणं म्हणजे हे!

चुकीच्या जागी पूर्णविराम

केजेचं नशीब एका बाबतीत जोरावर होतं. तो ज्या 'चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ फिलाडेल्फिया'मध्ये पोचला (तिथे सगळे त्याला 'चॉप'च म्हणतात), तिथल्या डॉ. रिबेका अहरेन्स-निक्लस याच प्रकारच्या आजारांवर काम करत होत्या. रस्त्यापलीकडच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जीन एडिटिंगवाले डॉ. किरण मुसुनुरू २०२३ पासून त्यांच्या जोडीला होते. एकेका पेशंटसाठी वेगळं जीन एडिटिंग औषध करता येईल का, हाच दोघांचा प्रश्न. तयारी चालू होती, पेशंट तेवढा नव्हता.

केजेच्या जीनमध्ये नेमकं काय बिघडलं होतं? समजा, एक लांबलचक वाक्य आहे आणि टायपिस्टनं एक अक्षर चुकवून मध्येच पूर्णविराम टाकला. पेशी तिथपर्यंत वाचते आणि थांबते. एन्झाइम अर्धवटच राहतं. तीन अब्ज अक्षरांच्या पोथीतलं हे एक अक्षर बदलायचं होतं. तेही लिव्हरमध्ये, बाळ जिवंत असताना. डीएनएची साखळी कात्रीनं न तोडता फक्त अक्षर बदलणारी 'बेस एडिटिंग' नावाची पद्धत त्यांनी निवडली. आत पाठवायचं कसं, तर चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लसींत हीच युक्ती होती (आपण बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये नव्हे). या गोळ्या शिरेतून सोडल्या की बऱ्याचशा आपसूक लिव्हरमध्ये जाऊन बसतात.

त्या सहा महिन्यांत केजेचीच चूक असलेल्या पेशी तयार केल्या. तशाच उंदरांवर प्रयोग झाले. औषध बाधत नाही ना, हे माकडांवर पाहिलं. बनवणाऱ्या कंपन्यांनी बराच खर्च स्वतः सोसला, काही पैसा अमेरिकन सरकारच्या संशोधन निधीतून आला. एफडीएकडे अर्ज गेला आणि एका आठवड्यात परवानगी मिळाली. सरकारी खातं. एक आठवडा. मी ती तारीख दोनदा तपासली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिला डोस दिला, मुद्दाम अगदी छोटा. मार्चमध्ये त्याहून मोठा, एप्रिलमध्ये तिसरा. पहिला डोस दिला तेव्हा हे औषध कुठल्याही माणसाला कधीच दिलेलं नव्हतं. उपाय उलटला असता तर? ट्रान्सप्लांटची वाट धरलेली असताना असल्या कागदावर सही करायची, हे त्या आईबापांनी कसं ठरवलं असेल, हा विचार मी बराच वेळ केला. मला उत्तर सापडलं नाही.

हळूहळू केजेला जास्त प्रोटीन पचायला लागलं. अमोनियाचं औषध निम्म्यावर आलं. मध्ये व्हायरल इन्फेक्शन झालं, तेव्हाही अमोनियानं घात केला नाही. ज्या सर्दीची सगळ्यांना धास्ती होती, ती आली आणि गेली.

लेकीच्या सांधेदुखीचं औषध

चॉपसाठी असली उडी पहिली नव्हे. १८५५ मध्ये बारा खाटांवर सुरू झालेलं हे अमेरिकेतलं पहिलं बालरुग्णालय. एप्रिल २०१२ मध्ये इथे एमिली व्हाइटहेड नावाची सहा वर्षांची मुलगी होती. ल्युकेमिया, किमो हरलेली. डॉ. स्टीफन ग्रुप यांनी तिच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडल्या. कार-टी सेल थेरपी घेणारी ती जगातली पहिली लहान मुलगी. पेशींनी काम इतकं जोरात केलं की एमिली तापानं फणफणली, व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात आयएल-६ नावाचा घटक भयंकर वाढलेला. या उपचारामागचे संशोधक कार्ल जून यांना तो रोखणारं एक औषध माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता आणि ते औषध त्या आजारावरचं होतं! ते दिलं आणि काही तासांत चित्र पालटलं. एमिली शुद्धीवर आली ती तिच्या सातव्या वाढदिवसाला. पुढे तिनं त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रवेश घेतला. तिच्यानंतर कार-टी घेणाऱ्या पेशंटना हे संधिवाताचं औषध हाताशी ठेवूनच घेतलं जातं.

ही कार-टी थेरपी २०१७ मध्ये मंजूर झाली तेव्हा तिची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं तीन कोटी रुपये. आपल्याकडच्या आईबापांनी फ्लॅट, शेत, दागिने सगळं विकलं तरी ही बेरीज होत नाही.

व्हाया पवई

इथे आपली मंडळी येतात. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी कार-टीची भारतीय आवृत्ती तयार केली. पेशी पवईला घडायच्या आणि पेशंट खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये. २०२१ मध्ये तिथे पहिल्या पेशंटला ती दिली. 'नेक्सकार१९' या नावानं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईतच लाँचिंग झालं. किंमत अमेरिकेच्या साधारण एक दशांश. तरीही ती लाखांत आहेच, स्वस्त म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय मंजुरी १५ वर्षं आणि त्यापुढच्या पेशंटसाठी. सहा वर्षांची एमिली इथे असती तर ती या मंजुरीत बसली नसती. हे मला खटकतं.

केजेच्या औषधाचं गणित तर आणखी अवघड. गिऱ्हाईक एक, ते संपलं की दुकान बंद. कुठली कंपनी त्यात पैसे घालणार? म्हणून आता डोकं लढवलं जातंय ते वेगळ्या दिशेनं. चरबीची गोळी तीच, एडिटर तोच, बदलायचा तो फक्त 'पत्ता'. कुठलं अक्षर बदलायचं, तेवढं सांगणारा छोटा आरएनए. मग दर बाळामागे सगळ्या चाचण्या पहिल्यापासून कशाला? एफडीएनंही २०२५ च्या अखेरीस अशा औषधांसाठी वेगळी वाट मांडली आहे.

केजे ३ जून २०२५ ला घरी गेला. जन्मापासून ३०७ दिवस हॉस्पिटलमध्ये काढून. डॉक्टर 'बरा झाला' असं म्हणत नाहीत. त्याचं औषध पूर्ण बंद झालेलं नव्हतं आणि आयुष्यभर त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल, असं ते सांगतात. त्या दिवशी मात्र तो पहिल्यांदाच स्वतःच्या घरी झोपला.