मोबाईलचा हुकूम आणि पंपाची हालचाल

गेल्या काही वर्षांत आपल्या शेतकऱ्यांच्या हाती एक नवे साधन आले आहे. घरच्या ओट्यावर बसून मोबाईलवरून विहिरीवरचा पंप सुरू करता येतो. ठिबकच्या कोणत्या भागास केव्हा व किती वेळ पाणी द्यावयाचे, हेही आधी ठरवून ठेवता येते. ज्या वाहिन्यांवर थ्री-फेज वीज अजूनही रात्रपाळीने मिळते, तेथे ही सोय चैनीची नव्हे, गरजेची आहे. अंधारात विंचूकाट्याच्या वाटेने विहिरीवर जाण्याचा प्रसंग तीमुळे टळतो. परंतु हे साधन वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच एका साध्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. मोबाईलमधून निघतो तो केवळ संकेत. संकेताला ना हात, ना पाय. मग मोटर चालू होते ती कशाच्या बळावर, आणि दोन इंची व्हॉल्व्ह उघडतो तो कोण उघडतो? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. अशा यंत्रणेत होणारे बिघाड पुष्कळदा संकेत आणि कृती यांच्या सांध्यावरच होतात, आणि दोष मात्र मोबाईलच्या नेटवर्कला दिला जातो.

पूर्वी तालुक्याच्या कचेरीतून हुकूम सुटे. तो कागदावर असेपर्यंत गावात काहीच हलत नसे. कोतवाल दवंडी पिटू लागला म्हणजे हुकमाचे कृतीत रूपांतर होई. विजेच्या यंत्रणेतही असाच एक कोतवाल असावा लागतो. विजेचा संकेत घेऊन प्रत्यक्ष हालचाल करून दाखविणाऱ्या साधनास अ‍ॅक्चुएटर असे म्हणतात. शेतावरील यंत्रणेत तो मुख्यतः दोन रूपांत आढळतो, स्टार्टरमधील कॉन्टॅक्टर आणि ठिबकवरील विद्युत्-व्हॉल्व्ह. दोहोंचे मूळ एकच आहे. कोपनहेगन येथे १८२० साली हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांना असे दिसून आले की, वीज वाहणाऱ्या तारेजवळ नेलेली होकायंत्राची सुई वळते. पुढे १८२५ साली इंग्लंडात विल्यम स्टर्जन यांनी लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युत्-चुंबक तयार केला. वीज असेपर्यंत लोखंड चुंबक होते, वीज जाताच त्याची ओढ संपते. आजच्या पेटीतही हेच तत्त्व काम करीत असते.

प्रथम पंपाकडे पाहू. मोबाईलचा संकेत पेटीतील सिमकार्डाच्या यंत्रास मिळतो. हे यंत्र एका लहानशा रिलेला बारा व्होल्टची वीज देते. खडीसाखरेच्या खड्याएवढ्या या रिलेची कॉईल साधारण तीस मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ०.३६ वॅट इतकीच वीज घेते. तेवढ्या बळावर तो आतील एक पातळ पत्री ओढतो आणि कॉन्टॅक्टरच्या कॉईलचे मंडल पूर्ण करतो. कॉन्टॅक्टरची कॉईल रिलेहून बलवान असते. ती लोखंडी गाभा खाली खेचते, त्यासरशी तिन्ही फेजचे पॉइंट एकदम जुळतात व मोटर सुरू होते. पाच अश्वशक्तीची मोटर पुऱ्या भारावर साडेचार किलोवॅटच्या आसपास वीज घेते. म्हणजे पाव-अर्ध्या वॅटच्या हुकमाने त्याच्या सुमारे बारा हजार पट शक्ती कामास लागली. हुकूम पायरीपायरीने मोठा होत जातो, आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी प्रत्यक्ष हलावे लागते. जे हलते तेच अडते, हे येथे ध्यानात घ्यावे.

कॉन्टॅक्टरचा गाभा पुरता मिटेपर्यंत त्याची कॉईल नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. मिटल्यावर हा प्रवाह आपोआप उतरतो. आता गाभ्याच्या फटीत धूळ साचली, मुंग्यांनी घर केले किंवा पाल चिरडली गेली, तर गाभा अर्धवटच राहतो, वाढीव प्रवाह चालूच राहतो आणि थोड्याच वेळात कॉईल जळते. स्टार्टरमधून सतत मोठा गुंजारव ऐकू आला तर गाभा नीट मिटत नाही असे समजावे. विद्युत्-दाब कमी असतानाही तोच प्रकार होतो. सर्वसाधारण कॉन्टॅक्टरने नियत दाबाच्या ८५ टक्क्यांपर्यंत खात्रीने काम करावे अशी अपेक्षा असते; ४१५ व्होल्टच्या कॉईलसाठी हा आकडा सुमारे ३५३ येतो. त्याखाली गाभा तडतड करीत उघडमीट करतो, पॉइंटांवर ठिणग्या पडून ते खडबडीत होतात, आणि एखादे वेळी चिकटूनच बसतात. चिकटलेला पॉइंट ही फार वाईट गोष्ट आहे. मग मोबाईलवरून ‘बंद’चा हुकूम कितीही वेळा दिला तरी मोटर थांबत नाही.

एक फेज गेल्यावर काय होते, हेही याच रीतीने समजते. कॉईल ज्या दोन फेजवर जोडलेली असते त्या शाबूत असल्या, तर कॉन्टॅक्टर निमूटपणे मिटूनच राहतो. तिसरी फेज गेल्याची त्याला वार्ताच नसते. मोटर मात्र घुमत राहते व जळते. म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर लावावयाचा. तो काही मोटर वाचविण्यासाठी स्वतः बळ लावीत नाही. फक्त कॉईलची वीज तोडतो, आणि बाकीचे काम गाभ्यामागची स्प्रिंग करते.

वीज येताच आपोआप पंप सुरू करणाऱ्या ऑटोस्विचाविषयी येथेच लिहिले पाहिजे. वाहिनीवर वीज आली की शेजारपाजारच्या साऱ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. रोहित्रावर एकदम भार पडतो, दाब कोसळतो, आणि वर सांगितलेली तडतड साऱ्या शिवारात सुरू होते. महावितरणने असे ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे, ते याच कारणास्तव. मोबाईलच्या पेट्यांत वीज आल्यानंतर काही मिनिटे थांबून मोटर सुरू करण्याची सोय असते. प्रत्येक शेतकऱ्याने ही वेळ शेजाऱ्याहून निराळी ठेवली, तर रोहित्रावर उपकार होतील.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दूरच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रास समोर माणूस आहे की नाही हे दिसत नाही. वडील विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करीत आहेत आणि मुलगा घरून मोबाईलवर पंप लावतो आहे, असे घडणे मुळीच अशक्य नाही. म्हणून पंपावर, केबलवर अथवा विहिरीत काम करावयाचे असेल तेव्हा मोबाईलवरून ‘बंद’ केले एवढ्यावर विसंबू नये. मेन स्विच खाली करावा, फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा काढाव्यात, आणि त्या पेटीवर न ठेवता स्वतःच्या खिशात ठेवाव्यात.

आता ठिबकवरील व्हॉल्व्हाकडे वळू. येथील युक्ती मोठी सुंदर आहे. समजा, पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला दोन किलो आहे. पाच सेंटिमीटर व्यासाचे तोंड त्या दाबाविरुद्ध थेट उचलावयाचे, तर जवळजवळ ३९ किलो ओढ लागेल. पाव अँपिअर वीज घेणाऱ्या चिमुकल्या कॉईलला ते कोठून साधणार? म्हणून ती मोठ्या तोंडास हातच लावीत नाही. व्हॉल्व्हाच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या वरच्या कप्प्यात बारीक छिद्रातून पाणी येते आणि वरखाली सारखाच दाब होतो. परंतु वरून दाब सोसणारे क्षेत्र मोठे असल्याने पडदा खाली दाबलेला राहतो. व्हॉल्व्ह बंद. वीज मिळताच कॉईल आपला खिळ्यासारखा दट्ट्या किंचित वर उचलते व एक दुसरे छिद्र मोकळे करते. हे छिद्र दीड मिलिमीटर व्यासाचे धरले, तर त्यावरील पाण्याचा भार अवघा ३५ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातून वरच्या कप्प्यातील पाणी पुढे निसटते, वरचा दाब उतरतो, आणि खालचे पाणीच पडद्यास वर उचलते. व्हॉल्व्ह उघडण्याचे कष्ट पाणी करते. वीज केवळ कडी काढते.

यावरून दोन गोष्टी निघतात. नळीत पुरेसा दाब नसेल, तर वीज असूनही असा व्हॉल्व्ह नीट चालत नाही. टाकीच्या उतारावर चालणाऱ्या कमी दाबाच्या संचास तो सहसा बसवू नये. दुसरी गोष्ट वाळूची. दीड मिलिमीटरच्या छिद्रावर एक कण अडकला, तर दट्ट्या टेकत नाही, वरचा कप्पा भरत नाही, आणि व्हॉल्व्ह बंदच होत नाही. सांगोला तालुक्यातील एका डाळिंबाच्या बागेत हे आमच्या पाहण्यात आले. अंबिया बहारासाठी बागेचा एक भाग ताणावर सोडला होता. मोबाईलवर त्या भागाचा व्हॉल्व्ह ‘बंद’ दिसत होता. बाकीच्या भागांस पाणी सुरू असे तेव्हा मात्र थोडेथोडे पाणी या भागातही उतरत होते. पानगळ होईना, म्हणून जमीन उकरून पाहिली तेव्हा मुळांशी ओल सापडली. ताणाचे दिवस फुकट गेले, आणि फुलोरा पुढेमागे निघाला. कारण म्हणाल तर मोहरीच्या चौथाईएवढा वाळूचा कण. बोअरला वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन व त्यापुढे १२० मेशची जाळी यांत काटकसर करू नये.

व्हॉल्व्ह दूर असेल तर तारेचाही विचार करावा लागतो. २४ व्होल्टची कॉईल दट्ट्या उचलताना साधारण ०.४ अँपिअर घेते. ३०० मीटर अंतरावर जाऊन-येऊन ६०० मीटर तार होते. ती अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तांब्याची तार असेल, तर वाटेतच नऊ व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात आणि दट्ट्या जागचा हलत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच तोटा तीन व्होल्टवर येतो. तार स्वस्त घेऊन पुढे कॉईल बदलीत बसणारे शेतकरी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

जेथे तार नेता येत नाही तेथे बॅटरीवरचे ‘लॅचिंग’ व्हॉल्व्ह बसवितात. त्यांत विजेचा केवळ एक क्षणिक ठोका दट्ट्यास उचलतो व पुढे कायम चुंबक त्यास धरून ठेवतो; उलट्या दिशेचा ठोका दिला म्हणजे तो सुटतो. त्यामुळे बॅटरी फार काळ पुरते. मात्र २४ व्होल्टचा साधा व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप मिटतो, तसा हा मिटत नाही. उघडा असताना बॅटरी संपली, तर तो उघडाच राहील. गढूळ पाण्यासाठी लहान मोटर व गिअर लावलेला बॉल व्हॉल्व्ह बरा. तो किमतीने जास्त आणि चालीने मंद, पण त्यात अडण्याजोगे बारीक छिद्र नसते.

मोबाईलवर ‘चालू’ असे अक्षर उमटते, त्याचा अर्थ यंत्रागणिक निराळा असतो. काही यंत्रांत त्याचा अर्थ हुकूम दिला एवढाच. हुकूम बजावला गेला की नाही, याची साक्ष त्यात नसते. चांगल्या यंत्रात मोटरीचा प्रवाह मोजला जातो. प्रवाह शून्य असेल तर कॉन्टॅक्टर मिटला नाही, आणि नेहमीपेक्षा बराच कमी असेल तर बोअरचे पाणी तुटले, असे ओळखून यंत्र स्वतःच पंप थांबविते. ठिबकवर हीच साक्ष जलमापक देतो. खरेदीच्या वेळी विक्रेत्यास नेमके हेच विचारावे, आणि त्याच्यासमोर एका फेजचा फ्यूज काढून मोबाईलवर काय दिसते ते पाहावे. व्हॉल्व्हाची परीक्षा याहून सोपी आहे. पंप चालू ठेवून एकएक व्हॉल्व्ह मोबाईलवरून बंद करावा आणि त्या भागातील शेवटच्या नळीची टोपी काढून धार पूर्ण थांबते की नाही ते स्वतः उभे राहून बघावे. पडदा सावकाश बसतो, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी एखादा मिनिट जाऊ द्यावा. एका व्हॉल्व्हास पाच मिनिटे पुरतात. बाग ताणावर सोडण्याच्या आदल्या आठवड्यात ही परीक्षा करावी.