बंध तोडायला ऊर्जा लागतेच

रेणूतला बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, हा गैरसमज भलताच चिवट आहे. खरं तर बंध तोडायला ऊर्जा लागते. ती मिळते बंध जुळताना. पाइपने घरी येणाऱ्या गॅसमधला मिथेन घ्या. एक मोल मिथेन आणि दोन मोल ऑक्सिजनचे बंध तोडायला सुमारे २६४८ किलोजूल लागतात. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होताना सुमारे ३४५० मिळतात. वरचे ८०२ किलोजूल म्हणजे आपली निळी ज्योत. लायटरची ठिणगी फक्त सुरुवातीपुरती. पुढची तोडणी ज्योतीच्याच उष्णतेवर चालते.

नायट्रोजनचा व्यवहार मात्र तोट्याचा. त्याचा तिहेरी बंध ९४५ किलोजूलचा. ऑक्सिजनशी जुळून नायट्रिक ऑक्साइड होताना दोघांचे बंध तोडण्याचा खर्च भरून निघत नाही, म्हणून ही अभिक्रिया उष्णता शोषते. ती घडायला विजेचा लोळ किंवा तापलेलं इंजिनच हवं. एरवी हवेत शेजारी राहूनही हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत.