कामाच्या दिवशी लघवीची गळती

शिंक आली, खोकला आला किंवा वैरणीचा भारा डोक्यावर चढवला की थोडी लघवी सुटते, अशी तक्रार पुष्कळ भगिनींची असते, बाळंतपणांनंतर अधिकच. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांनाही हा त्रास होतो. लाजेपोटी कोणी बोलत नाही आणि शेतात जायच्या दिवशी पाणीच पीत नाही. आमच्या मते हा उपाय वाईट. पाणी कमी झाले की लघवी कडक होऊन मूत्राशयाला झोंबते आणि घाई वाढते. उन्हातला धोका निराळाच.

त्यापेक्षा नीट पॅड निवडावे. पाळीचे पॅड सावकाश येणाऱ्या रक्तासाठी असते. लघवी एकदम येते. लघवीच्या पॅडमधील दाणे ती शोषून फुगतात, त्यामुळे कातडी कोरडी राहते व वासही कमी येतो. थेंब थेंब गळत असेल तर पातळ पॅड पुरते. जाड डायपर घालून भातलावणीला वाकले तर मांड्या घासतात. पुरुषांसाठी पुढून खोलगट पॅड मिळते. सुती कापडाची घडीही चालते, पण ती लवकर भिजते. दोन-तीन घड्या भाकरीच्या फडक्यापासून वेगळ्या पिशवीत न्याव्यात, धुऊन उघड्या उन्हात वाळवाव्यात. लुगड्याखाली दडवून नव्हे! वापरलेले पॅड ओढ्यात टाकू नये.

अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला व्यायामही करावा: वारा रोखताना आवळतो ते स्नायू आवळून दहापर्यंत मोजावे व सोडावे; असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुण यायला तीन महिने लागतात. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर मात्र थांबू नये, डॉक्टरांकडे जावे.