खटला मागे घेतला, शिक्का कोण पुसणार?

पहाटे देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या रस्त्याने जा. पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. धानाच्या बांधीत राबणाऱ्या मायबापांची ही पोरं. मैदान मारतात, लेखी काढतात. मग हातात चारित्र्य पडताळणीचा अर्ज येतो. आपणावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? ज्याने कधी मोर्चात घोषणा दिली, त्याचा हात तिथेच थबकतो.

१ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या जनतेवर हल्ला झाला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला आणि राज्यभर आंदोलकांवरच गुन्हे नोंदले गेले. गंभीर नसलेले गुन्हे मागे घेऊ, असे मार्च २०१८ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने आकडा दिला, ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे. ठीक आहे. परंतु कोर्टातून खटला गेला म्हणून अर्जातला प्रश्न गेला काय?

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सांगितले, की उमेदवाराने माहिती खरी द्यावी. मात्र तरुणपणी घोषणा देण्यासारखे किरकोळ प्रकरण असेल, तर ते लपवल्याकडेही नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो. 'करू शकतो' म्हणजे साहेबाची मर्जी! मर्जी आणि हक्क यातला फरक आम्हाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही.

बालकांबाबत २०१५ चा बाल न्याय कायदा स्पष्ट आहे. प्रकरण निकाली निघाले, तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ती नोंद उघड करायची नाही. मग अठरा वर्षे ओलांडलेल्या पोराने असे कोणते पाप केले?

या टांगणीला लागलेले मन कोण सावरणार? पोरगा बोलेनासा होतो, जेवेनासा होतो. गाव म्हणते, डोके फिरले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्या रोखण्याचे आणि जनजागृतीचे काम सरकारवर टाकले आहे. ते काम वर्गाच्या फळ्यावर आले पाहिजे. मन आजारी पडते आणि बरेही होते, हे आश्रमशाळेच्या पोराला कळले पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. मागे घेतलेल्या आंदोलनाच्या खटल्याबद्दल भरतीत विचारताच येणार नाही, असा कायदा राज्याने करावा. शाळेत मनाच्या आरोग्याचा तास ठेवावा. संविधानाच्या कलम १६ मधली समान संधी अर्जाच्या एका रकान्यात अडकता कामा नये.

तोवर पोरांनो, अर्जात खोटे लिहू नका. कोर्टाच्या आदेशाची प्रत काढून जोडा, वकिलाला विचारा. मन खचले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. घोषणा देणे हा कलंक नव्हे. मान खाली घालायची असेल तर ती व्यवस्थेने घालावी, तुम्ही नव्हे!