तलवारीने गेली, हप्त्यांनी परतली : आयर्लंडमधील जमीन-कायद्याचा इतिहास

देशातील सर्व जमीन अंतिमतः राजाची असते आणि बाकीचे सारे ती त्याच्याकडून कोणत्या ना कोणत्या अटीवर धारण करतात, हे सरंजामी तत्त्व आयर्लंडच्या कायद्यातून औपचारिकरीत्या हद्दपार झाले ते १ डिसेंबर २००९ रोजी, म्हणजे स्वतंत्र आयरिश राज्य स्थापन होऊन जवळजवळ नऊ दशके लोटल्यावर. त्या दिवशी अमलात आलेल्या जमीन व अभिहस्तांतरण कायदा सुधारणा अधिनियमाने १२९० सालच्या इंग्रजी कायद्यापासून चालत आलेली कलमे एका झटक्यात मोडीत काढली. मात्र त्याच्या आधीच्या चार शतकांत जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आयर्लंडने दोनदा बदललेले पाहिले होते : आधी ती भावकीची होती, मग जेत्याची झाली आणि शेवटी कसणाऱ्याची. हे दोन्ही बदल शस्त्रांच्या किंवा चळवळीच्या रेट्याने घडले हे खरे असले, तरी ते पक्के झाले ते न्यायालयात आणि कायदेमंडळात.

इंग्रजी सत्ता दृढ होण्यापूर्वी आयर्लंडच्या बहुतेक भागांत ब्रेहन कायदा चालत असे. ब्रेहन म्हणजे वंशपरंपरेने कायद्याचे अध्ययन करणारा न्यायवेत्ता. या कायद्यात जमीन ही मुख्यतः एका पूर्वजापासून निघालेल्या भावकीची मालमत्ता मानली जाई आणि सभासद वारल्यावर त्याचा वाटा भावकीतील पुरुषांत पुन्हा विभागला जाई. या पद्धतीला इंग्रजांनी ‘गॅव्हलकाइंड’ हे आपल्याकडच्या एका प्रथेचे नाव दिले. सरदारपदही थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे, तर सरदाराच्या हयातीतच भावकीतून वारसदार निवडला जाई. त्याला ‘टॉनिश्टा’ म्हणत, आणि आजही आयर्लंडच्या उपपंतप्रधानाचे पदनाम तेच आहे.

या व्यवस्थेवर पहिला घाव पडला तो सलोख्याच्या रूपाने. १५४१ मध्ये आठव्या हेन्रीला आयर्लंडचा राजा घोषित केल्यानंतर ‘समर्पण व पुनर्प्रदान’ हे धोरण राबवले गेले. गेलिक सरदाराने आपली जमीन राजाला अर्पण करायची आणि राजाने तीच त्याला किताबासह परत द्यायची, असा हा व्यवहार होता. पण परत मिळालेली जमीन इंग्रजी कायद्याखालची खासगी मिळकत असे आणि ती थोरल्या मुलाकडे जाई. याचा अर्थ असा, की जी वस्तू सरदाराच्या एकट्याच्या मालकीची कधी नव्हतीच, ती त्याने देऊन टाकली आणि तिचा एकटा मालक होऊन तो परतला. उरलेले काम न्यायालयांनी केले. १६०६ मध्ये न्यायाधीशांनी गॅव्हलकाइंडची आयरिश रूढी अवैध ठरवली आणि १६०८ मध्ये टॉनिश्टा निवडण्याची प्रथाही अनिश्चित व अयुक्तिक म्हणून बाद केली.

त्यानंतर जमिनी खालसा करण्याचे सत्र वेगाने पुढे सरकले. १६०७ मध्ये अल्स्टरचे प्रमुख सरदार देश सोडून गेल्यावर त्या प्रांतातील सहा परगण्यांत इंग्रज व स्कॉटिश वसाहतवाल्यांना जमिनी वाटण्याची योजना आखली गेली. १६४१ चा उठाव मोडून काढल्यावर क्रॉमवेलच्या राजवटीने १६५२ च्या कायद्याने व्यापक जप्ती केली आणि जप्त जमीन सैनिकांना व कर्ज देणाऱ्यांना वाटता यावी म्हणून विल्यम पेटी याच्याकडून तिची मोजणी करवून घेतली. इतिहासकारांच्या अंदाजानुसार १६४१ मध्ये कॅथलिकांकडे देशातील सुमारे ५९ टक्के जमीन होती. १६८८ पर्यंत ती २२ टक्क्यांवर आणि १७०३ पर्यंत १४ टक्क्यांवर आली.

उरलेला वाटाही टिकू नये, याची तजवीज १७०४ च्या कायद्याने केली. कॅथलिकांना जमीन विकत घेण्यास किंवा ३१ वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा पट्टा घेण्यास त्याने मनाई केली, आणि कॅथलिक मालक वारल्यावर त्याची जमीन सर्व मुलांत समान वाटली जावी, मात्र थोरला मुलगा प्रस्थापित अँग्लिकन चर्चमध्ये गेल्यास सारी मिळकत त्याला मिळावी, अशी तरतूद केली. शतकापूर्वी जी वाटणी रानटी ठरवून न्यायालयाने रद्द केली होती, तिच्याच धर्तीची वाटणी आता घराणी मोडण्यासाठी हत्यार म्हणून कायद्यात आणली गेली. ही बंधने १७७८ आणि १७८२ च्या कायद्यांनी सैल झाली, तरी तोवर जमिनीची मालकी एका छोट्या वर्गाकडे एकवटली होती.

एकोणिसाव्या शतकात या वर्गाखाली मध्यस्थ, त्यांच्याखाली कूळ आणि त्याच्याखाली एका हंगामापुरता जमिनीचा तुकडा घेणारा मजूर, अशी उतरंड तयार झाली होती. बहुतेक कुळे वर्षावर्षाच्या बोलीवर जमीन कसत आणि कुळाने स्वखर्चाने बांध घातले किंवा घर उभारले, तरी खंड वाढण्यापलीकडे त्याच्या पदरात फारसे काही पडत नसे. १८४५ पासूनच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख लोक दगावले आणि साधारण तितकेच देशाबाहेर गेले. पाव एकराहून अधिक जमीन धारण करणाऱ्याला सरकारी मदत नाकारणारे १८४७ चे कलम असंख्य कुटुंबांना जमीन सोडायला भाग पाडणारे ठरले. १८४९ च्या कायद्याने कर्जबाजारी जहागिरी विकण्यासाठी खास न्यायालय उघडले, पण त्यातून मालक बदलले, कुळांची स्थिती नव्हे. १८६० च्या ‘डीझी कायद्या’ने तर जमीनमालक व कूळ यांचे नाते धारणेवर नव्हे तर करारावर आधारलेले आहे, असे जाहीर केले. व्यापारी व्यवहारात निर्दोष वाटणारे हे तत्त्व, जिथे एका पक्षाला जमीन सोडली तर उपासमारीशिवाय पर्याय नव्हता, तिथे लागू झाले.

याला उत्तर अल्स्टरमधील एका रूढीत सापडले. तिथे कूळ जमीन सोडताना आपला कब्जाहक्क नव्या कुळाला विकू शकत असे. त्यावरून ‘वाजवी खंड, धारणेची शाश्वती आणि मुक्त विक्री’ या तीन मागण्या आकाराला आल्या आणि ऑक्टोबर १८७९ मध्ये डब्लिन येथे स्थापन झालेल्या लँड लीगने त्या देशभर पोहोचवल्या. मायकेल डेव्हिट हा तिचा प्राण होता, तर चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल तिचा अध्यक्ष. १८८० मध्ये मेयो परगण्यातील जमीन-व्यवस्थापक कॅप्टन बॉयकॉट याच्याशी सर्व व्यवहार तोडून लोकांनी त्याला वाळीत टाकले आणि त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. पाव शतकानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला आलेला ‘बहिष्कार’ इंग्रजीत ‘बॉयकॉट’ म्हणूनच ओळखला गेला.

ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या १८८१ च्या कायद्याने तिन्ही मागण्या मान्य केल्या. खंड न्यायालयाने पंधरा वर्षांसाठी ठरवायचा असल्याने एकाच शेतात मालकाचा आणि कुळाचा असे दोन हक्क जणू नांदू लागले. ही दुहेरी मालकी दोघांनाही सोयीची नव्हती, म्हणून पुढचा टप्पा थेट खरेदीचा आला. १८८५ च्या ॲशबर्न कायद्याने कुळाला संपूर्ण किंमत कर्जाऊ देऊन ती ४९ वर्षांत ४ टक्के वार्षिक हप्त्याने फेडण्याची सोय केली. १९०३ च्या विंडम कायद्याने मुदत ६८½ वर्षे, हप्ता ३¼ टक्के आणि विक्रेत्या जमीनदाराला किमतीवर १२ टक्के बक्षीस, असा सौदा मांडला. हप्ता बहुधा जुन्या खंडापेक्षा कमी पडत असल्यामुळे मालक होणे कूळ राहण्याहून स्वस्त झाले. १८७० मध्ये जेमतेम ३ टक्के शेतकरी आपल्या शेताचे मालक होते. १९२९ पर्यंत हे प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांवर गेले.

स्वातंत्र्यानंतर १९२३ च्या कायद्याने उरलेल्या जमिनींची विक्री सक्तीची केली. हप्त्यांचे पैसे मात्र ब्रिटनकडेच जात होते. १९३२ मध्ये डी व्हॅलेरा सरकारने ते पाठवणे थांबवले, तेव्हा ब्रिटनने आयरिश गुराढोरांवर जकात बसवली आणि हे आर्थिक युद्ध १९३८ मध्ये १ कोटी पौंडांच्या एकरकमी भरण्याने मिटले.

जमीन सरकारी कर्जातून विकत घेतली जात असल्याने तिचा हक्कही निःसंदिग्ध हवा होता, म्हणून १८९१ मध्ये अशा जमिनींची हक्कनोंदणी सक्तीची झाली. या नोंदवहीतील प्रत्येक मिळकतीच्या पानाला ‘फोलिओ’ म्हणतात आणि त्याच्या तीन भागांत अनुक्रमे मिळकतीचे वर्णन, मालक आणि बोजे नोंदवलेले असतात. महाराष्ट्रातील सातबारा मालकीचे केवळ गृहीतक निर्माण करतो. फोलिओवरील मालकीला मात्र शासनाची हमी असते.

१९३७ च्या संविधानाने खासगी मालकी हा नैसर्गिक हक्क मानला, पण सार्वजनिक हितासाठी त्यावर मर्यादा घालण्याची मुभाही ठेवली. या दोन टोकांमधील ओढाताण शहरांत स्पष्ट दिसते. बांधकामाची जमीन स्थानिक प्राधिकरणांनी तिच्या चालू वापराच्या किमतीवर २५ टक्के अधिक देऊन घ्यावी, ही न्यायमूर्ती केनी समितीची १९७३ ची शिफारस कधीच अमलात आली नाही. जमीन-कायद्याने आयरिश कुळाला मालक केले हे निर्विवाद आहे, पण त्याने मालक केले ते ज्याच्याकडे आधीच कसायला जमीन होती त्याला. ज्या शेतमजुराच्या नावावर काहीच नव्हते, त्याच्या वाट्याला फार थोडे आले, आणि वाजवी भाडे व राहण्याची शाश्वती या १८७९ च्या मागण्या आज डब्लिनमधील भाडेकरू पुन्हा मांडत आहेत.